न विचारता घेतलेली चाल

माझी ताई एका मोठ्या रुग्णालयात रक्ताचे नमुने पोचवायचं काम करायची. वॉर्डातून नळ्या उचलायच्या, वहीत वेळ टाकून सही करायची आणि तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन द्यायच्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दिवसाला तिच्या तीस-चाळीस फेऱ्या व्हायच्या. काही नळ्या बर्फात ठेवलेल्या असत. त्या थोड्या मिनिटांत पोचल्या नाहीत तर नमुना वाया, आणि त्या पेशंटला पुन्हा सुई. ताईला त्या 'पुन्हा सुई'चा भारी राग. "एकदा टोचलंय ना त्याला, बस झालं," म्हणायची आणि डबा कमरेशी धरून निघायची.

ताईचा उजवा पाय जन्मापासून आखूड. खुब्याचा सांधा जागेवर नव्हता, आणि ते घरात कुणाच्या लक्षात आलं ती दीड वर्षाची झाल्यावर. तेव्हा जे करता आलं ते केलं, पण पाय चांगला तीन बोटं आखूड राहिला तो राहिलाच. त्या पायात ती जाड तळव्याचा बूट घालते. चालताना उजवा पाय चवड्यावर टेकतो, अंग त्या बाजूला झुकतं, आणि तोल सावरायला डावा हात वल्ह्यासारखा बाहेर जातो. घाईत असली की आणखी बाहेर.

नोकरी मागायला गेली तेव्हा तिथल्या कारकुनाने तिला वरपासून खालपर्यंत, म्हणजे मुख्यतः खालीच, पाहिलं आणि म्हणाला, "बसून करायचं काम आहे एक. पावत्या फाडायच्या."

ताई म्हणाली, "बसून मला झोप येते."

शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला एक दिवस घेऊन बघू म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरून एक डबा तिच्याकडे दिला आणि एक तिथल्या जुन्या धडधाकट माणसाकडे. तो लिफ्टपाशी उभा राहिला. ताई स्ट्रेचर नेण्याच्या उतारावरून सुटली. तो खाली आला तेव्हा ताईची सही होऊन शाई वाळली होती. त्या दिवसापासून रुग्णालयात तिला सगळे वावटळ म्हणायला लागले. एकोणीस वर्षं ती त्या उतारावरून गेली आणि आली. एकोणीस वर्षांत तिच्या हातून एक नळी फुटली नाही, आणि ती स्वतः एकदाही पडली नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे त्याचाच प्रश्न आहे. ती कधीही पडली नव्हती.

मी तिचा धाकटा भाऊ. मी चित्रांना चालवतो. अॅनिमेशनच्या स्टुडिओत काम करतो, आणि माझी खासियत म्हणजे प्राण्यांची चाल. हत्ती कसा वळेल, मांजर उडी मारण्याआधी मागचा भाग कसा हलवेल, ते सगळं माझ्याकडे येतं. लग्न झालं, मुलगी झाली, तरी ताई आमच्याबरोबरच राहत आली. खरं तर आम्ही तिच्याबरोबर राहतो असं म्हणायला हवं, कारण घर तिने आधी घेतलं होतं.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मोठ्या चित्रपटाचं काम आलं. सहकुटुंब बघायचा चित्रपट, नाव 'लुटूलुटू'. गोष्ट साधी. एका कुरणात दरवर्षी शर्यत होते. हरणं, ससे, कुत्रे पळतात, आणि गेली सात वर्षं जिंकणारं एक गर्विष्ठ शहामृग. त्या शर्यतीत एक बदक नाव नोंदवतं. सगळे हसतात. बदक पडतं, उठतं, पुन्हा पडतं, आणि शेवटी जिंकतं. त्या बदकाचं नाव लुटूलुटू, आणि तिची चाल माझ्याकडे आली.

मी दीड महिना बदकं पाहिली. तळ्यावर जाऊन बसलो, कागदांच्या थप्प्या केल्या. पंधरा वेगवेगळ्या चाली करून दाखवल्या. दिग्दर्शक प्रत्येक वेळी शांतपणे बघायचे आणि म्हणायचे, "बदक आहे. पण नुसतं बदक आहे. यात कुणी नाहीये."

मला ते झोंबायचं, कारण ते खरं होतं.

एके दिवशी ताई चष्मा घरी विसरून गेली. स्टुडिओत जाता जाता तो द्यायला मी रुग्णालयात शिरलो. पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्याच्या एका टोकाला मी उभा होतो आणि दुसऱ्या टोकाने ताई येत होती. कमरेशी डबा, मान पुढे, हात बाहेर. दोन्ही बाजूंनी माणसं, खाटा, सलाईनचे स्टँड. त्यातून ती अशी येत होती, जशी पाण्याने दगडांमधून वाट काढावी. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर चाललो होतो, म्हणजे शेजारून. समोरून, लांबून, घाईत असलेली ताई मी पहिल्यांदा पाहिली. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते 'ही माझी ताई' असं नव्हतं. मी म्हणालो, सापडलं.

मी फोन काढला आणि चित्रण सुरू केलं. बावीस सेकंदांचं आहे ते. शेवटी ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "काय रे, काय करतोस?"

"काही नाही, मेसेज बघत होतो," मी म्हणालो आणि तिच्या हातात चष्मा दिला.

"तुझं काम खोळंबलं असेल. पळ," ती म्हणाली, आणि स्वतःच पळाली.

तीन दिवसांत मी ती चाल बदकाला दिली. हात होते तिथे पंख आले. मोठ्या पडद्यावर लावलं तेव्हा खोलीत पंधरा माणसं होती. बदक चार पावलं चाललं आणि सगळी खोली हसली. दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "हे कुठून काढलंस रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "असंच. सुचलं."

आणि मीही हसलो. आपण तेव्हा गप्प बसलो होतो अशी आठवण मी नंतर तयार करायचा प्रयत्न केला, पण ती टिकत नाही. मी हसलो, चांगला खळखळून हसलो, कारण पंधरा माणसं माझ्या कामावर हसत होती आणि दीड महिन्यात कुणी हसलं नव्हतं.

मग दिग्दर्शक म्हणाले, "ही वळणावर पडेल ना? असा तोल म्हटल्यावर पडायलाच पाहिजे." मी म्हणालो, पडेल की. पूर्ण चित्रपटात ती तीन वेळा वळणावर पडते. ती तिन्ही पडणी मी स्वतः केली, दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. पाय वर, पिसं हवेत, चोच चिखलात. लोक अजून त्यांचं कौतुक करतात. मनात कुठे खुपलंच तर मी स्वतःला सांगायचो, शेवटी जिंकते ना ती. आपण तिला जिंकवतोय. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की त्याची धार गेली.

चित्रपट चालला. तुफान चालला. पहिल्या रविवारी आम्ही सगळे बघायला गेलो, मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि ताई. ताईला मी नको म्हणू शकलो असतो, काहीतरी कारण काढता आलं असतं. पण तिनेच आठवडाभर आधी नवी साडी काढून ठेवली होती. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, माझ्या भावाचा पिक्चर आहे.

लुटूलुटू पडद्यावर आली आणि चारशे माणसं हसली. मी ताईकडे बघितलं नाही. समोर बघत राहिलो, पण कान तिच्याकडे होते. ती हसली नाही. दुसऱ्यांदा बदक पडलं तेव्हा आमच्या कन्यारत्नाने मोठ्याने विचारलं, "आत्या, ही तुझ्यासारखी चालते ना?"

पुढच्या रांगेतल्या बाईने मान वळवली.

"हो गं," ताई म्हणाली. "बघ आता पुढे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. अंधार होता, तरी मला ते पाहणं दिसलं.

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "कसा वाटला, ताई?"

"छान आहे. रंग फार छान आहेत."

घरी येऊन तिने साडीची घडी घातली, मुलीला जेवू घातलं. मी वाट बघत होतो. आज बोलेल, उद्या बोलेल. ती चिडली असती, रडली असती, मला थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ती काहीच बोलली नाही, आणि मी त्या न बोलण्याचा फायदा घेतला. मनात म्हटलं, तिला काही वाटलेलं नसेल. बघा, मोठ्या मनाची आहे.

पण चालींवर पोट भरणारा माणूस मी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. डावा हात बाहेर गेला नाही. तो तिने अंगाशी धरला होता, पदराचं टोक मुठीत पकडून. चवड्यावर टेकणारा पाय ती पूर्ण टेकवायला बघत होती. पावलं लहान झाली होती. घरातल्या घरात ती टेबलाला, दाराच्या चौकटीला हळूच बोट लावत चालायला लागली. आठवड्याने बूट घेऊन चांभाराकडे गेली आणि तळव्याला अजून एक थर लावून आणला. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाली, "जरा बरं वाटतं." मला दिसत होतं की बरं वाटत नाहीये. कंबर आवळल्यासारखी दिसत होती. मी बघितलं आणि पेपर उघडला.

असे दोन महिने गेले.

मग एका मंगळवारी सकाळी अकराला प्रयोगशाळेच्या मॅडमचा फोन आला. ताई उतारावर पडली होती.

मी गेलो तेव्हा तिला तिच्याच रुग्णालयातल्या खाटेवर घेतलं होतं. मांडीच्या हाडाला खुब्याजवळ चीर गेली होती. ऑपरेशन करून खिळे घालावे लागणार होते. औषधाने तिचा डोळा लागला होता. मॅडम मला बाहेर घेऊन आल्या.

"डबा वर धरून पडल्या," त्या म्हणाल्या. "एक नळी फुटली नाही. हात टेकला असता तर कदाचित एवढं लागलं नसतं."

मी दारातून आत ताईकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत असेलच, म्हणून विचारते. दोन महिने त्या काहीतरी वेगळंच चालत होत्या. मी दोनदा टोकलं. म्हणाल्या, सरळ चालायची सवय लावतेय. या वयात कशाला सवय लावायची?" मग म्हणाल्या, "मुलांच्या वॉर्डात तो पिक्चर लावतात ना रोज. यांना बघून पोरं क्वॅक क्वॅक करतात. वाईट मनाने नाही करत, त्यांना आवडतं ते बदक. पण यांना त्या वॉर्डात दिवसातून सहादा जावं लागायचं."

व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तोच व्हरांडा होता. मॅडमना सांगावंसं वाटलं की ते बदक माझं आहे. नाही सांगितलं. त्यांना बहुधा ठाऊकच होतं, कारण ताईने सगळ्या रुग्णालयाला सांगितलं होतं की माझ्या भावाचा पिक्चर आला आहे.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ती उशीला टेकून बसू लागली. दुपारची वेळ, भेटायला येणारे अजून आले नव्हते. मी तिला सूप भरवत होतो. अर्धी वाटी झाल्यावर चमचा ठेवला आणि म्हणालो, "ताई, ती चाल तुझी आहे."

"माहितीये."

"मी तुझा व्हिडिओ काढला होता. चष्मा द्यायला आलो तेव्हा. मेसेज बघतोय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

"पहिल्याच सीनला कळलं मला," ती म्हणाली. "म्हणजे, आधी नाही कळलं. आधी मलाही जरा हसू येणार होतं. मग छोटी बोलली ना, तेव्हा कळलं."

ती खिडकीकडे बघत बोलत होती.

"मला माहीतच नव्हतं रे. मी थोडी लंगडते, एवढं माहीत होतं. आरशात माणूस उभा असतो. चालताना स्वतःला कोण बघतं? चाळीस वर्षं मला वाटत होतं की माझं थोडंसं कमी-जास्त आहे. ते एवढं आहे हे मला चारशे माणसांबरोबर कळलं."

मी मान खाली घातली.

"एक सांग. पहिल्यांदा तुम्ही ते ऑफिसात लावलंत, तेव्हा लोक हसले असतील."

"हसले."

"तू पण हसलास?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. ओठांवर आलं होतं.

"हसलो," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जशी ती वहीत वेळ लिहून झाल्यावर हलवते. मग म्हणाली, "सूप गार झालं." मी उरलेलं सूप तिला भरवलं. ती निमूट प्यायली. आम्ही भांडलो नाही, मी माफी मागितली नाही, तिने माफ केलं नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं. माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मी अजून शोधतो आहे.

घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने तो व्हिडिओ मागितला. मी फोन तिच्या हातात दिला आणि खोलीबाहेर जायला निघालो. "कुठे चाललास? बस इथे," ती म्हणाली. बावीस सेकंद तिने पाहिले. मग पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा मध्येच थांबवून मला दाखवलं.

"हे बघ. इथे तो सलाईनचा स्टँड आहे आणि मी वळतेय. वळायच्या आधी मी काय करते?"

मी बघितलं. "डावा खांदा टाकतेस."

"आधी टाकते. पाय नंतर. म्हणून वजन आत येतं आणि मी बाहेर फेकली जात नाही. तुझं बदक पाय आधी वळवतं, म्हणून पडतं." फोन मांडीवर ठेवून ती म्हणाली, "छोट्या, मी कुठे पडले होते रे? एवढं बघितलंस माझं, एवढं नीट काढलंस. मग न पडणं तेवढं कसं दिसलं नाही तुला?"

हसण्याबद्दल ती बोलली होती तेव्हा मला लाज वाटली होती. हे त्यापेक्षा खोल गेलं. चाल तिची उचलली आणि तिचं कसब मागे ठेवलं. त्या जागी स्वतःचं पडणं घातलं. आणि ती बिचारी पडदा बघून स्वतःला दुरुस्त करायला निघाली. जी बाई एकोणीस वर्षं पडली नाही, ती सरळ चालायला गेली आणि पडली.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत जाऊन दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. 'लुटूलुटू'चा दुसरा भाग नुकताच ठरला होता. ते बराच वेळ हातातलं पेन टेबलावर आपटत राहिले. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंस." मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. असली गोष्ट कुणाला असंच सुचत नाही, हे मला कळत होतं." शेवटी हळू आवाजात विचारलं, "त्या येतील का? एकदा? आमच्या स्टुडिओतल्या मुलांना चाल दाखवायला?"

मला ते मुळीच रुचलं नाही. एकदा चोरून नेलं, आता सांगून न्यायचं. पण न विचारण्याचा अधिकार मी आधीच वापरून संपवला होता. म्हणून घरी जाऊन विचारलं.

तिने अकरा दिवस उत्तर दिलं नाही. बाराव्या दिवशी काठी घेऊन हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "शुक्रवारी जमेल. टॅक्सी सांग."

शुक्रवारी स्टुडिओतल्या मोठ्या खोलीत सगळे भिंतीलगत उभे होते, देवळात उभे असल्यासारखे. मी कॅमेऱ्यामागे होतो, या वेळी तिला विचारून. एकाने तिच्यासाठी खुर्ची आणली. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, तुम्हाला जेवढं जमेल तेवढंच. दोन पावलं चाललात तरी पुरे."

ताई खुर्चीत बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "आधी तुम्ही चाला."

"आम्ही?"

"हो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकेक जण."

हसणं नाही, कुजबुज नाही. पहिले दिग्दर्शक चालले. ती म्हणाली, "तुम्ही टाच घासता. डाव्या बुटाची टाच दर वर्षी आधी झिजत असणार." दिग्दर्शकांनी बूट उचलून पाहिला आणि झिजलेली टाच सगळ्यांना दिसली. मग रंग करणारी एक बाई चालली. "तुम्हाला कुणी मागून हाक मारेल अशी भीती वाटते. मान बघा कशी आहे." आवाजाचं काम बघणारा एक लठ्ठ गृहस्थ चालला. "तुम्ही सगळ्यांत हलके. पूर्वी नाचत होता का?" तो लाजला आणि हो म्हणाला. अशी चौदा माणसं चालली. चालताना एकेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हात कुठे ठेवावेत ते कुणालाच कळेना. आपण एवढे वेडेवाकडे चालतो हे त्या खोलीत प्रत्येकाला एकाच तासात कळलं. "एकोणीस वर्षं व्हरांड्यात हेच बघितलंय," ताई म्हणाली. "पावलांवरून कळतं मला, कोण डॉक्टर, कोणाच्या घरचं माणूस वर आजारी आहे."

सगळ्यांत शेवटी ती उठली आणि काठी टेकत, तिच्या आत्ताच्या चालीने, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली. वळण आलं तेव्हा थांबली. "इथे खांदा आधी," म्हणाली. "आता मला तेवढं जमत नाही. पण समजलं ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिग्दर्शकांनी घसा साफ केला. "ताई, दुसऱ्या भागात तिला पाडणार नाही. पण लहान मुलांचा पिक्चर आहे, कुणीतरी पडायला लागतं हो."

"पाडा की. शहामृगाला पाडा. उंच आहे, पडलेला चांगला दिसेल."

तेव्हा मात्र खोली हसली, आणि ताईही.

परत येताना टॅक्सीत ती दमून डोळे मिटून बसली होती. मला राहवलं नाही. "सगळ्यांचं सांगितलंस. माझं नाही सांगितलं. मी कसा चालतो?"

"तू चाललास कुठे? तू कॅमेऱ्यामागे होतास."

"तरी. तुला माहीत असेल."

डोळे न उघडता ती म्हणाली, "आता साधाच चालतोस. लहानपणी माझ्यासारखा चालायचास."

"म्हणजे?"

"तू चालायला लागलास तेव्हा दिवसभर माझ्या मागे असायचास. आई कामाला जायची, घरात मीच. तू माझं बघून शिकलास. उजवा पाय चवड्यावर, डावा हात बाहेर. पाय दोन्ही धड, पण लंगडायचास. लोकांना वाटलं हाही तसाच. आई घाबरली, डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर हसला, म्हणाला, याला काही नाही झालेलं, हा बहिणीची नक्कल करतोय." ती थोडी सरकून बसली, पाय दुखत असावा. "मग आईने मला सांगितलं, याच्यासमोर चालू नकोस काही दिवस. तू यायचास तेव्हा मी बसून राहायची. चार-पाच महिने लागले तुझं सुटायला."

"तू तेव्हा केवढी होतीस?"

"नऊ वर्षांची असेन."

मी बाहेर बघत राहिलो. सिग्नल लागला होता आणि माणसं रस्ता ओलांडत होती, प्रत्येक जण आपापल्या परीने. नऊ वर्षांची मुलगी एका कोपऱ्यात बसून राहिली आहे, कारण तिच्या भावाला नीट चालता यावं. हे घरात मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आई गेली, ती सांगून गेली नाही. ताईने सांगितलं तेही मी विचारलं म्हणून.

"तुला राग नाही आला कधी?" मी विचारलं.

"आईचा आला होता," ती म्हणाली. "तुझा या वर्षी आला. अजून आहे थोडा. जाईल."

आता ती पुन्हा कामावर जाते, पण उतारावरून नाही. मॅडमनी तिला खिडकीच्या आतली खुर्ची दिली आहे. आलेल्या नळ्यांवर वेळ टाकायची, जांभळ्या टोपणाच्या इकडे, निळ्या टोपणाच्या तिकडे. काम बसून करायचं आहे. झोप येते का, असं मी एकदा विचारणार होतो, पण धीर झाला नाही. चालण्यात तिने हात पुन्हा मोकळा सोडला आहे, काठी असली तरी. बुटाला नंतर लावलेला थर तिने काढून टाकायला लावला.

दुसऱ्या भागावर माझं काम सुरू आहे. नामावलीत तुझं नाव घालू का, असं विचारलं तर ती म्हणाली, अजून ठरवलं नाही, पिक्चर झाला की आधी मला दाखव, मग सांगते. म्हणून दर शनिवारी त्या आठवड्यात झालेलं मी तिला टेबलावर लावून दाखवतो. ती चहा घेत बघते. गेल्या शनिवारी बदकाचं एक वळण तिने चार वेळा मागे घ्यायला लावलं आणि म्हणाली, "खांदा अजून उशिरा येतोय. परत कर."

मी परत करतो आहे.